बाहेरची कडी

शाल कोणत्या रंगाची आणतील, एवढीच गणेशला काळजी होती. भगवी फोटोत उठून दिसते, पण आपल्या रंगाला पांढरी खुलते, असं तो आरशासमोर उभा राहून म्हणाला आणि पाडलेला भांग मोडून पुन्हा पाडू लागला. सपना पलंगावर बाळाला पाजत बसली होती. सवा महिना नुकताच उलटला होता, डोक्याचा रुमाल अजून सुटला नव्हता. "कोनाले शाल?" तिने विचारलं, कारण तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. "अवं मलेच! रविवारी व्यापारी मंडळाचा कार्यक्रम हाय ना, तिथं सत्कार ठेवला माहा. डिलेवरीचा." त्याने 'डिलेवरीचा' असं म्हटलं ते अगदी सहज, दुकानात मोबाइलची काच बदलून दिल्यावर म्हणतो तसं. मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि काच बदलण्यात त्याचा हात खरोखर चांगला होता. बाळाने तोंड सोडलं आणि ते किरकिरलं. सपनाने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं, त्याच्या डोक्यामागे तळहात ठेवला, आणि तिथेच तिला ते झालं. तळहात कोरा वाटला. इतके दिवस त्या डोक्याला हात लागला की हाताला आपसूक ती दुपार आठवायची. आज हाताला काहीच आठवलं नाही. नुसतं डोकं होतं, मऊ आणि तेल लावलेलं.

तिने घाबरून हात काढला, पुन्हा ठेवला. खरं काय ते तिला ठाऊक होतं. हे बाळ तिने स्वतः काढलं होतं, आपल्या दोन हातांनी, न्हाणीतल्या फरशीवर भिंतीला पाठ लावून. त्या वेळी घरात दुसरं माणूस नव्हतं. हे गणेशला ठाऊक होतं, तिच्या सासूला, सोजरबाईला ठाऊक होतं, आणि आणखी कुणाला नाही. बाकी गावाला ठाऊक होतं ते असं, की बायकोला अचानक कळा सुटल्या, गाडी वेळेवर मिळेना, तेव्हा मोबाइलवाल्या गणेशने न डगमगता घरातच बाळंतपण केलं. गावातल्या बातम्या टाकणाऱ्या एका ग्रुपवर त्याचा फोटोही आला होता. फोटोत तो बाळाच्या पाळण्याशेजारी उभा होता आणि सपना त्यात नव्हती, कारण ती तेव्हा आत शेक घेत होती. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मावसबहिणीचा अकोल्याहून फोन आला, "नशीबवान हायेस वं, आमचा माणूस तं चहाही करत नाई." सपना हसली होती. आता ते हसणं तिला आठवलं आणि स्वतःचाच राग आला. पहिल्याच फोनवर का नाही बोलली? पण पहिल्या फोनवर ती फक्त थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाच्या पाठीमागे घरातले लोक किती कामं उरकून घेतात हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

पहिल्या खेपेला, थोरल्या लेकीच्या, संस्कृतीच्या वेळी, ती दवाखान्यात टेबलावर आडवी होती. गुडघ्यांवर हिरवं कापड, कापडापलीकडे माणसं, आणि ती माणसं तिच्याबद्दल बोलत होती पण तिच्याशी नव्हे. एकदा तिचा हात आपोआप खाली गेला होता. पोटाखाली एवढं सगळं चाललंय तर हात जाणारच. कुणीतरी तो हात पकडून वर ठेवला, "हात नको आणू मधात," आणि तिने शहाण्या मुलीसारखा हात उशाला धरून ठेवला. मग पोर झाली. ती दूरच्या ट्रेमध्ये रडली, पुसून, गुंडाळून आणून दाखवली, आणि सपनाला वाटलं, ही कुणाची? तिची माया नंतर आली, भरपूर आली, पण त्या क्षणी ती एखाद्या पाहुण्याच्या मुलीकडे पाहावं तशी पाहत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बायका असल्या गोष्टी सांगत नाहीत, आणि सांगितल्या तर ऐकणारीच कानावर हात ठेवते.

या खेपेला मात्र हात कुणी धरला नाही. दुपारची वेळ होती. सोजरबाई दळण घेऊन गिरणीवर गेली होती, संस्कृती बालवाडीत होती, आणि गणेश जेवायला घरी आलेला होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती म्हणून सगळे निवांत. सपना न्हाणीत गेली आणि पहिलीच कळ अशी आली की तिला उभं राहता येईना. दुसरी तिच्या पाठोपाठ. तिने नळाचा पाइप धरला आणि हाक मारली. गणेश दारात आला. त्याचा खरकटा हात तसाच वर धरलेला होता, बोटांना वरण लागलेलं होतं. त्याने खाली पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला तो तिला आजही जसाच्या तसा दिसतो. "मी गाडी पाहून येतो," तो म्हणाला. "जाऊ नोका," ती म्हणाली, "आवो, डोकं आलं, जाऊ नोका." त्याच्या चपलांचा आवाज झाला. आणि मग घराच्या दाराला बाहेरून कडी लागली.

त्या गल्लीत बाहेरून कडी लावायची सगळ्यांनाच सवय. दर्ग्याकडच्या झाडांवरून माकडांची टोळी येते, दार उघडं दिसलं की सरळ स्वयंपाकघरात शिरते, एकदा तर शेजाऱ्यांचा अख्खा भाकरीचा डबा उचलून छपरावर जाऊन बसली होती. तेव्हापासून कुणी खाली दूध आणायला उतरलं तरी, घरात माणूस असो नसो, हात आपोआप कडीकडे जातो. गणेशचाही गेला. त्यात कपट नव्हतं, हे सपनालाही मान्य होतं. पण लोखंडाचा तो आवाज तिने आतून ऐकला. खाटकन. मग जिन्यावरून धावत उतरणारी पावलं. माकडांपासून घर राखून नवरा निघून गेला होता आणि ती आत होती, आणि आता कुणी शेजारीण ओरडणं ऐकून आली तरी तिला वाटणार, कडी लागलेली आहे, म्हणजे आवाज दुसरीकडून येतोय. एवढा विचार तिने त्या वेळी खरंच केला. कळेच्या मध्ये माणूस किती स्वच्छ विचार करतो याचं तिला नवल वाटलं. मग तिने ओरडणं थांबवलं. ओरडायचं कुणासाठी? तिने हात खाली नेला.

तळहातावर आधी ऊब आली. मग केस, ओले, आणि केसांखाली सुरकुतलेली कातडी. ते बाहेर फुटू पाहत होतं आणि तिच्या हाताने त्याला धरलं, थांब, थांब बापा, सावकाश. तिला कुणी शिकवलं नव्हतं. हाताला जेवढं कळलं तेवढंच तिने केलं. डोकं आलं आणि मग ते तिच्या हातात आपोआप वळलं, बाजूला, झोपेत कुशीवर वळावं तसं. बोट मानेशी गेलं तर तिथं काहीतरी गुळगुळीत, जाड, धडधडणारं. नाळ. सैल होती. तिने बोट घालून ती डोक्यावरून सरकवली, गळ्यातली माळ काढावी तशी. मग खांदा, आणि मग सगळं एकदम, ओलं आणि जड, तिच्या मनगटांवर. तिने त्याला गाऊनच्या आत छातीशी घेतलं. ते शिंकलं. आधी शिंकलं आणि मग रडलं. तीही रडली, मोठ्याने, कुणी ऐको न ऐको. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत स्वतः केली होती, आणि हे माझं, याला मी आणलं, हे तिला इतकं उघड, इतकं ठाम कळलं होतं की बाळाला छातीशी धरून ती त्या ओल्या फरशीवर राणीसारखी बसून राहिली. कडी सोजरबाईने काढली. पिठाचा डबा तिच्या हातून दारातच सांडला. थोड्या वेळाने गणेश दवाखान्याची गाडी घेऊन आला. नाळ गाडीतल्या माणसांनी चिमटा लावून कापली.

दवाखान्यातून आल्यावर गणेश तिच्या पायाशी बसून रडला होता. "मले भेव वाटलं सपना. चौकात गेलो अन् पायच उचलेना. ऑटोवाल्यानं पाणी पाजलं." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. भीती वाटते माणसाला. तिने त्याला तिथल्या तिथे माफ केलं, पोटातून माफ केलं, वर चहा करून दे असं सांगितलं आणि त्याने तो केलाही. म्हणून तर हे असह्य होतं. पळून गेलेला माणूस तिने पदरात घेतला होता, आणि त्याच पदराखाली बसून त्याने तिचं जे एकच स्वतःचं होतं तेच उचललं होतं. सुरुवात त्याने केली नाही हेही खरं. आरोग्य केंद्रातली आशाताई विचारपूस करायला आली आणि म्हणाली, "कोनं काढलं मग लेकरू?" सोजरबाई पटकन बोलून गेली, "गणेशनं. होता ना तो." गणेश त्या दिवशी खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारल्यावर 'हो' म्हणाला. आठवडाभरात त्याला हकीकत पाठ झाली. मग ती वाढू लागली. त्याने बाळाला उलटं धरून पाठीवर थाप मारली, मग ते रडलं. त्याने फोनवर व्हिडिओ लावून पाहून पाहून केलं. सपना आतल्या खोलीतून ऐकायची आणि तिला वाटायचं, उलटं कुठं धरलं? ते शिंकलं होतं. पण ऐकून ऐकून एक विचित्र गोष्ट होऊ लागली. ती दुपार डोळ्यांपुढे आणली की खाली गेलेल्या हाताच्या मनगटावर तिला घड्याळ दिसायचं. काळ्या पट्ट्याचं, गणेशचं. ती डोकं झटकायची, पुन्हा पहिल्यापासून आठवायची, ऊब, केस, कातडी, आणि मनगटाशी आलं की पुन्हा घड्याळ. आणि आज तर हात कोराच झाला होता. हे असंच चाललं तर एक दिवस तिला स्वतःलाच आठवेल की गणेशने बाळ काढलं, आणि मग खरं सांगायलाही कुणी उरणार नाही.

शनिवारी तिने सोजरबाईला गाठलं. सासू वाईट नव्हती. किन्हीराजा गावचं शेत, गोठा सगळं सासऱ्यांवर टाकून ती सुनेच्या बाळंतपणाला आली होती, डिंकाचे लाडू तिनेच केले होते, रोज अंगाला तेल तीच लावायची. सासू बाळाला न्हाऊ घालून धुरी देत असताना सपना म्हणाली, "आई, उद्या तुमी सांगा ना खरं. कडी तुमीच काढली ना?"

सोजरबाईने शेगडीत ओवा टाकला. "कायले उकरून राह्यली? झालं ते झालं. लेकरू चांगलं हाय, तू चांगली हायेस."

"पण म्या काढलं. त्यायनं नाई."

"अवं मले का ठाऊक नाई? पाह्यलं ना म्या. तुले तशी बसलेली पाहून पिठाचा डबा सुटला माह्या हातून. पण लोकायले काय सांगावं? का सून एकटीच होती घरात? नवरा कडी लावून पयाला? मी दळण दळत होती? लोक थुकतीन तोंडावर. तुयाही बापाले खाली पाहा लागन." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्याले मान भेटून राह्यला तं भेटू दे. मान घरातच येते ना. तुले का शाल पायजे?"

सपनाला शाल नको होती. काय हवं होतं ते तिला नीट मांडता येईना. तिने फक्त म्हटलं, "मले वाटे तुमी तरी सांगसान."  सोजरबाई बाळाच्या तळपायाला धुराचा शेक देत राहिली, फार प्रेमाने, एकेक बोट मोकळं करून. बाई असं प्रेमही करते आणि असं खोटंही बोलते, आणि दोन्ही एकाच हाताने, हे पाहून सपनाला भांडायचंही बळ राहिलं नाही.

रविवारी मंगल कार्यालयात वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, बायकांच्या डावीकडे. शाल पांढरी निघाली. गणेश व्यासपीठावर बसला होता आणि खरं सांगायचं तर सुंदर दिसत होता. मंडळाचे अध्यक्ष, कापडवाले शेठ, म्हणाले की आजच्या तरुणांनी हा आदर्श घ्यावा. मग सपनालाही वर बोलावून कुणा बाईने तिची ओटी भरली आणि निवेदकाने माइक पुढे केला, "वहिनी, दोन शब्द." समोर एवढे चेहरे. सगळे हसरे, सगळे तिच्या बाजूचे. तिने तोंड उघडलं. बाळ खांद्यावर झोपलं होतं. सोजरबाई पहिल्या रांगेतून तिच्याकडे एकटक पाहत होती. "काय बोलू," सपना म्हणाली, "सारं यायनंच केलं." टाळ्या पडल्या. ती खाली उतरली तेव्हा तिला काहीच वाटत नव्हतं, राग नाही, लाज नाही, फक्त पायऱ्या मोजून उतरावं लागेल एवढी सावधगिरी. आता तिनेही सांगून टाकलं होतं. वर गणेश बोलायला उभा राहिला आणि आज त्यात नवीन भर पडली. नाळ बांधायला दोरा सापडेना, तेव्हा त्याने दुकानातली कोरी वायर उकळत्या पाण्यातून काढून नाळ बांधली. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. ते अश्रू नाटकी नव्हते. सपनाने खुर्चीतून ते नीट पाहिलं. त्याला ते आठवत होतं.

कार्यक्रम संपून चहाला गर्दी झाली तेव्हा शाजिया तिच्याजवळ येऊन बसली. गणेशच्या शेजारच्या दुकानातल्या अमानची बायको, दिवस अगदी भरत आलेले, खुर्चीत बसतानाही तिने कंबरेला हात लावला. "भाभी, मुबारक," ती म्हणाली, आणि बाळाची मूठ हातात घेतली. मग हळूच, "एक इचारू? भेव नाई वाटलं का तुमाले? अमान म्हनते, आपनही या टाइमले घरीच करू. गणेशभाईले जमलं तं मले काहून नाई जमनार? दवाखान्यात गेलं का मंग कापतेच म्हनते."

"पैल्या टाइमले कापलं होतं तुले?" सपनाने विचारलं.

"हो ना. सीझर झालं होतं. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, आता पयलेच येऊन भरती व्हा लागन, घरी थांबू नोका. पन हे आयकत नाईत. परसूपासून व्हिडिओ पाहून राह्यले." शाजिया हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आता म्हने वायरही दुकानातूनच आनतो."

सपनाने मान वर केली. समोरच, चहाच्या टेबलाजवळ, पांढरी शाल पांघरलेला गणेश उभा होता आणि अमान त्याला काहीतरी बारकाईने विचारत होता, हाताने गाठ मारून दाखवत. गणेश मान हलवत होता. सांगत होता. त्याने कधी न मारलेली गाठ कशी मारायची ते शिकवत होता.

"शाजिया," सपना म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्याच्यापेक्षा मोठा निघाला, "हे घरात नोते." शेजारच्या दोन बायका वळल्या. "अमानभाऊ, तुमीही आयका. लेकरू म्या काढलं. हे पयून गेले होते, बाहेरून कडी लावून. वायर नाई, व्हिडिओ नाई, काईच नाई. माह्या मांगं कोनी नोतं अन् मी वाचली, ते नशीब. हिचं पोट एकदा चिरलेलं हाय. हिले घरी ठेवसान तं मारसान."

चहाचे कप हातात तसेच राहिले. अमानने गणेशकडे पाहिलं. "गणेशभाई?" एक शब्द हवा होता. सपना नवऱ्याकडे पाहत राहिली आणि मनात म्हणाली, माझ्यासाठी नका बोलू, हिच्यासाठी बोला, माझं राहू द्या. तिला त्या क्षणी खरोखर वाटलं की तो बोलेल. त्याच्या ओठांशी काहीतरी आलंही. मग त्याने शाल खांद्यावर सारखी केली. "मनावर नोका घेऊ अमानभाई," तो समजुतीने म्हणाला, "वल्ली बायंतीन हाय. डोकं फिरते या दिवसांत बायकांचं. आई, सांग ना."

सोजरबाई कपातल्या चहाकडे पाहत राहिली. पुरुषांतला कुणीतरी हलकेच हसला. बायकांनी सपनाकडे कीव आल्यासारखं पाहिलं, आणि सपनाला वाटलं, झालं, संपलं, आता आपण वेड्यातही जमा. पण शाजिया उठली. ती गणेशकडे पाहत नव्हती, सपनाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "मले दवाखान्यात जायचं हाय," ती अमानला म्हणाली. "आता. तुमी ऑटो पाहा." अमान हलेना. तो एकदा गणेशकडे, एकदा बायकोकडे पाहत होता. तिने स्वतःच पाऊल उचललं आणि तिचा तोल गेला. सपना धरायला धावली. एका हाताने ते होईना, म्हणून तिने खांद्यावरचं बाळ उतरवलं आणि समोर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात दिलं. "धरा."

गणेशने हात पुढे केले. जाड पाकीट घ्यावं तसं त्याने बाळाला काखांत हात घालून उचललं, आणि बाळाचं डोकं मागे लटकलं.

"मान! मान धरा त्याची!" कार्यालयातल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. म्हाताऱ्या, तरण्या, चहा ओतणारी, ओटी भरणारी, एका आवाजात. गणेश गोंधळला, त्याने हात बदलला, आणखीच चुकला. कप टाकून सर्वांत आधी सोजरबाई धावली. तिने बाळाच्या मानेखाली तळहात घातला आणि ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

 अमान दोन्ही हात तसेच हवेत धरून असलेल्या गणेशकडे पाहत राहिला, चांगला वेळ पाहत राहिला, आणि मग ऑटो आणायला जिन्याने खाली उतरला.